नकाराचा अधिकार आणि डोक्यावरचे छप्पर

विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या, लालबागला राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की, शाळेपासून आम्ही स्त्रीसुधारणेचा जो इतिहास वाचतो त्यात राममोहन रॉय, महात्मा फुले, न्यायमूर्ती रानडे, आगरकर, महर्षी कर्वे यांचे कार्य तपशिलाने येते, आणि सावित्रीबाईंचा अपवाद सोडला तर स्त्रियांची नावे मात्र एका ओळीत उरकली जातात. तेव्हा स्त्री सुधारकांनी स्वतः लढा दिला, की पुरुषांनी मिळवून दिलेले त्यांनी पदरात घेतले? दुसरा प्रश्न असा की, या जुन्या लढ्याचा आज कौटुंबिक न्यायालयात येणाऱ्या बाईशी काही संबंध उरला आहे का.

मी इतिहासाची अभ्यासक नव्हे. गेली एकतीस वर्षे मुंबईत वकिली करते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात गेली आहेत. त्यामुळे हे उत्तर न्यायालयाच्या बाकावरून दिलेले आहे असे समजावे. पुरुष सुधारकांचे ऋण मी मनापासून मानते. त्यांनी जे सोसले ते थोडे नव्हते. परंतु त्यांच्या बहुतेक वादांचा विषय स्त्रीला काय द्यावे हा होता: किती शिक्षण द्यावे, कितव्या वर्षी लग्न करावे, विधवेला पुन्हा संसार मांडू द्यावा की नाही. स्त्रिया बोलू-लिहू लागल्या तेव्हा प्रश्नच बदलला. माझ्या देहाचे, माझ्या घराचे, माझ्या दिवसाचे ठरवणार कोण, असे त्या विचारू लागल्या. आणि नको असलेल्या गोष्टीला नाही म्हटल्यावर बाईने जायचे कुठे, खायचे काय, हा व्यवहाराचा प्रश्न त्यांनी जेवढ्या गांभीर्याने घेतला तेवढा त्यांच्या काळात फार थोड्या पुरुषांनी घेतला. त्यांच्या लढ्याचा कणा मला या दोन गोष्टींत दिसतो.

सुरुवात मुंबईच्याच एका खटल्यापासून करते, कारण तो तुमच्या अभ्यासक्रमाचाही भाग आहे. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाई सुतार समाजातल्या, आणि त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती, म्हणून त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून वाचत, शिकत राहिल्या. वडिलांची मालमत्ता त्यांच्या नावे झालेली होती, ही बाब खटला वाचताना नजरेआड करू नये. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की पत्नीने आपल्या घरी येऊन राहावे. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जी स्त्री कधी नवऱ्याकडे राहिलेलीच नाही, तिला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणे हे क्रौर्य ठरेल, आणि असा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्लंडमधून इथे आलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की रखमाबाईंनी एका महिन्यात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास पत्करावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

ही तयारी काय होती, हे आज नीट समजून घेतले पाहिजे. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, तिच्याविरुद्ध ‘केसरी’सारखे वजनदार वर्तमानपत्र, घरातल्या खाजगी गोष्टींची चर्चा चव्हाट्यावर, आणि समोर तुरुंगाचे दार. त्याआधीच १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या सहीने तिने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे लिहिली होती. तिचा बचाव चालवायला पारशी पत्रकार आणि सुधारक बेहरामजी मलबारींसारखे लोक पुढे आले हे खरे, आगरकरांची लेखणीही तिच्या बाजूने झिजली. पण ‘मला विचारून हे लग्न झालेले नाही, म्हणून ते मला बांधत नाही’ ही भूमिका तिची स्वतःची होती, आणि ती घेण्याची किंमतही तिच्याकडूनच वसूल होणार होती. राणी व्हिक्टोरियाने हस्तक्षेप करून हे लग्न मोडले, अशी गोष्ट सांगितली जाते. कागदावर दिसतो तो समझोता: जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकूमनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या त्या आदेशाची, अंमलबजावणी सोडून दिली. त्यानंतर रखमाबाई लंडनला वैद्यकशास्त्र शिकायला गेल्या, परत आल्यावर सुरत आणि राजकोट इथल्या स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले, आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ही शेवटची तारीख मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. हिंदू विवाह कायदा अमलात आला १८ मे १९५५ रोजी, आणि त्याच्या कलम ९ मध्ये ‘वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना’ या नावाने तोच दावा पुन्हा लिहिला गेला, ज्याच्याविरुद्ध रखमाबाई तुरुंगात जायला निघाल्या होत्या. त्या तेव्हा हयात होत्या. हुकूमनामा न पाळल्यास तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेतून काढली गेली होती, एवढाच काय तो फरक. मालमत्तेची जप्ती आजही होऊ शकते. इंग्लंडने, जिथून हा दावा आला त्या देशाने, तो १९७० मध्ये रद्द केला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानले. २०१९ मध्ये कायद्याच्याच विद्यार्थ्यांनी, म्हणजे तुमच्यासारख्यांनीच, या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

न्यायालयाच्या व्हरांड्यात या अर्जाला कोणी पुनर्स्थापना वगैरे म्हणत नाही. ‘नांदायला येण्याची केस’ म्हणतात. नांदणे हे क्रियापद आपल्या भाषेत किती सुंदर आहे! घरात सुख नांदते, गोकुळ नांदते. पण बाईच्या बाबतीत त्याचा अर्थ सासरी राहणे एवढाच उरतो, मग तिथे सुख असो वा नसो. आणि पुरुष कधी नांदायला जात नाही. नवऱ्याचे घर सोडून आलेली बाई, मग ती स्वतःच्या पायांनी आलेली असली तरी, लोकांच्या तोंडी ‘टाकलेली’ असते. तिने घेतलेला निर्णय भाषाच तिच्या नावावर लागू देत नाही. माझ्या अनुभवात कलम ९ चे अर्ज बहुतेक वेळा बायकोने पोटगी मागितल्यावर येतात. मी तर तिला घरी बोलावतो आहे, तीच येत नाही, हे कागदावर यावे म्हणून ते केलेले असतात. बायकोनेही असा अर्ज करण्याची मुभा कायद्यात आहे आणि काही जणी करतातही. पण त्यातल्या बहुतेकींना दुसरा निवारा नसतो म्हणून त्या करतात, असे मी पाहिले आहे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे अधिक सरळ येते. रखमाबाईंच्या खटल्याच्या दोनच वर्षे आधी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापून आला. ताराबाई बुलढाण्याच्या, घरातून सत्यशोधक विचार मिळालेल्या. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचे. अनैतिक ठरवलेल्या संबंधांतून झालेल्या मुलाला मारल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली होती, ती अपिलात हद्दपारीवर आली, आणि वर्तमानपत्रांनी या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्याचे वाभाडे काढले. ताराबाईंनी उलट विचारले की, जे दोष तुम्ही बायकांना लावता ते पुरुषांत तितकेच किंवा त्याहून जास्त नाहीत काय, आणि त्या मुलाचा बाप कुठे आहे. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न आजही धारदार आहे: अपराध दोघांच्या संबंधातून जन्मला, मग आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाईच का? पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले ताराबाईंच्या पाठीशी उभे राहिले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हा निबंध जवळजवळ नव्वद वर्षे विस्मरणात पडून राहिला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला. तुमच्या पाठ्यपुस्तकात स्त्रियांची नावे एका ओळीत का उरकली जातात, याचे एक उत्तर इथे आहे. त्यांनी लिहिले नाही असे नाही. त्यांचे लिहिलेले पुन्हा छापले गेले नाही.

विजयालक्ष्मीवर जे ओढवले ते ओढवू नये म्हणून काय करता येते, याचे उत्तर पुण्यात १८६३ मध्येच उभे राहिले होते. फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, जिथे गरोदर विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल तिथे ठेवावे किंवा घेऊन जावे. तिथे बायकांचे बाळंतपण करणाऱ्या, मुलांना सांभाळणाऱ्या होत्या सावित्रीबाई. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले, तोच पुढे डॉ. यशवंत झाला. आपण सावित्रीबाईंना १८४८ च्या मुलींच्या शाळेसाठी ओळखतो, अंगावर झेललेल्या शेणगोळ्यांसाठी ओळखतो. माझ्या मनात मात्र त्यांचे हे घर अधिक खोलवर रुतून बसले आहे. कलंकित ठरवलेल्या बाईला आधी एक दार उघडे हवे असते, उपदेश नंतरही करता येतो, हे ज्यांना कळले त्या स्त्रीने ते दार स्वतः उघडे ठेवले. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्यांचा मृत्यू झाला.

हेच दार मुंबईत उघडले ११ मार्च १८८९ रोजी, चौपाटीजवळ. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन. रमाबाई तोवर बरेच काही करून आल्या होत्या. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला होता, आणि त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना सांगितले होते की या देशातले शिकलेले पुरुषसुद्धा बहुतेक सगळे स्त्रीशिक्षणाच्या विरोधातच आहेत, आणि स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक व स्त्री डॉक्टर तयार केले पाहिजेत. आयोगापुढची साक्ष असल्यामुळे हे बोल नोंदीत राहिले. व्यासपीठावरचे भाषण असते तर कदाचित वाऱ्यावर गेले असते. पुढे इंग्लंड, तिथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, मग अमेरिका. तिथे १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे पैसे देण्याचे मान्य केले. त्या पैशावर सदन उभे राहिले. विधवांना राहायला जागा, जेवण, शिक्षण आणि हाताला काम शिकण्याची सोय असलेले ते घर होते. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. दीड वर्षाने सदन पुण्याला हलले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला, सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकरांसारखे मोठे लोक बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतराच्या वादाबद्दल मतभेद असू शकतात. मला स्वतःला वाटते की मुलींना घरी नेताना त्यांची इच्छा फारशी कोणी विचारली नसावी. रमाबाईंनी काम सोडले नाही. दुष्काळाच्या वर्षांत शेकडो अनाथ मुली आणि बायका त्यांनी केडगावला आणल्या, आणि मुक्ती सदन तिथे रुजले.

गोदूबाईंचे पुढे काय झाले हे तुम्हाला माहीत असेल, फक्त त्या नावाने माहीत नसेल. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे, सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला, आणि त्यातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ झाले, जे आज आपल्या मुंबईत चर्चगेटला आहे. या सगळ्याला पैसा कुठून आला? मोठ्या देणग्या नंतरच्या. सुरुवातीला वर्गणी गोळा केली बायांनी, त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी, आश्रमातल्या इतर स्त्रियांनी. पार्वतीबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, केशवपन झालेल्या. इंग्रजी धड येत नसताना १९१८ मध्ये त्या आश्रमासाठी निधी जमवायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. शारदा सदनाचे दार उघडले नसते तर गोदूबाई तिथे पोचल्या नसत्या, आणि गोदूबाई नसत्या तर हिंगण्याचा इतिहास वेगळा झाला असता. तुम्ही विचारता तो ‘पुरुषांनी दिले’चा हिशेब असा उलटा तपासून पाहिला की त्यातल्या कितीतरी जमा रकमा स्त्रियांच्या नावावर निघतात.

केशवपनाचा विषय निघाला आहे तर मुंबईची एक गोष्ट सांगायलाच हवी. १८९० मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केस कापायचे नाहीत असे ठरवले. ज्या हातांनी ती क्रूर रूढी पाळली जात होती ते हातच मागे घेतले गेले. सुधारणेच्या इतिहासात हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो श्रम करणाऱ्यांकडून आला.

इथेच एक उणीव स्पष्ट मांडली पाहिजे, ती झाकून तुम्हाला उत्तर दिले तर ते अप्रामाणिक ठरेल. सक्तीचे वैधव्य, केशवपन, गरोदर विधवेची कोंडी ही मुख्यतः उच्च मानलेल्या जातींची दुखणी होती. शारदा सदन असो वा हिंगणे, सुरुवातीला त्या छपराखाली सगळ्या जातींच्या बायकांना जागा नव्हती. दलित स्त्रीचे प्रश्न पाण्यापासून, अंगावरच्या कपड्यापासून, गावकुसाबाहेरच्या रोजच्या अपमानापासून सुरू होत होते. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ मध्येच, अजून बालवयात असताना, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, हे त्या मुलीने लिहून ठेवले आहे. छपराचा प्रश्न तिने रमाबाईंच्या तीस-पस्तीस वर्षे आधी मांडला होता, आणि अधिक खोलातून. पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत या स्त्रिया हजारोंनी उतरल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. त्या बायकांनी स्वतःच्या आठवणी सांगितल्या आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी त्या गोळा करून ग्रंथरूपात आणल्या तेव्हा १९८९ उजाडले होते. ताराबाईंच्या निबंधाबद्दल जे म्हटले तेच इथेही लागू पडते.

मताधिकाराविषयी थोडक्यात सांगते, पण आपल्या व्यवसायाशी तो धागा जुळलेला असल्यामुळे तो सोडवत नाही. १९१९ मध्ये भारताच्या नव्या घटनात्मक सुधारणांत स्त्रियांना मत असावे की नाही यावर लंडनमध्ये विचार चालू होता, तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आपल्या मुलीला, मिठनला, सोबत घेऊन तिथे साक्ष द्यायला गेल्या. ब्रिटिश संसदेने प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला आणि १९२१ मध्ये मुंबई विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव केला. मालमत्तेच्या अटींमुळे तो थोड्याच जणींच्या वाट्याला आला, हे विसरू नये. मिठन तिकडेच राहून बॅरिस्टर झाल्या. १९२३ मध्ये स्त्रियांना वकिली करण्याची कायदेशीर मोकळीक मिळाली आणि मिठन टाटा, नंतरच्या मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मी पहिल्यांदा काळा कोट चढवला त्या दिवशी मला हे नाव ठाऊक नव्हते. कोणी सांगितले नव्हते. तुम्हाला ते ठाऊक असावे म्हणून लिहिते आहे.

तुम्ही लालबागला राहता, म्हणून गिरणगावाबद्दल. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात आणि त्यानंतरच्या लढ्यांत गिरण्यांतल्या बायका उतरल्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांची नावे त्या काळात पुढे आली. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा मातृत्व लाभ कायदा झाला, पण कायद्याचा बोजा नको म्हणून आणि नव्या यंत्रांच्या नावाखाली मालकांनी हळूहळू बायका घेणेच कमी केले. हक्क कागदावर आला आणि काम हातचे गेले, असे आमच्या व्यवसायात वारंवार दिसते. गिरणीतून बाहेर पडलेल्या किंवा गिरणीत कधीच न शिरलेल्या किती बायकांनी घरच्या दहा-बाय-दहाच्या खोलीत खानावळ चालवून संसार ओढले! प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेले. याला कोणी ‘सुधारणा’ म्हणत नाही, समाजकार्य म्हणून बाजूला ठेवतात. माझ्या मते ते शारदा सदनाच्याच रांगेतले काम आहे, कारण स्वतःची कमाई हातात असलेली बाई माझ्यासमोर वेगळ्या आवाजात बोलते, हे मी शेकडो वेळा ऐकले आहे.

रखमाबाईंचा संमतीचा प्रश्न मुंबईच्या रस्त्यावर पुन्हा आला तो १९८० मध्ये. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी केलेल्या बलात्काराच्या प्रकरणात, ज्याला मथुरा खटला म्हणतात, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, कारण मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या. गप्प राहिली म्हणजे राजी होती, असा त्याचा अर्थ झाला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, संबंध सिद्ध झाल्यावर, माझी संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे. स्त्रीच्या ‘नाही’ला पुराव्याच्या कायद्यात इतके वजन देणारी तरतूद तोवर नव्हती. पण हे ‘नाही’ घराच्या उंबऱ्यापर्यंतच चालते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने बारा वर्षांखालच्या पत्नीला संरक्षण दिले, ते वय वाढत वाढत २०१७ मध्ये अठरावर आले. अठरा वर्षांवरील पत्नीच्या नकाराला मात्र बलात्काराच्या व्याख्येत आजही जागा नाही. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये जे म्हटले, ते अजून कायद्यात पूर्णपणे उतरलेले नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धेअधिक आलेच. उरलेले घराविषयी आहे. माझ्याकडे पहिल्यांदा येणारी बाई कलमे विचारत नाही. ती विचारते, “ताई, केस केली तर मी राहू कुठे?” मुंबईत जागेचा हिशेब माणसापेक्षा कठीण असतो, खोली सासऱ्याच्या नावे, पुनर्विकासात मिळालेली सदनिका सासूच्या नावे, झोपडीची पावती दिराच्या नावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, पण डिसेंबर २००६ मध्ये बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ इतका अरुंद केला की सासूच्या नावावरच्या घरात सुनेला पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या निकालानंतरची जवळजवळ चौदा वर्षे आम्ही अर्ज करत होतो आणि नवऱ्याकडचे वकील शांतपणे मालकीचा कागद पुढे ठेवत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र अहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बत्राचा अर्थ चुकीचा ठरवला, आणि सासरच्या नातेवाईकाच्या मालकीच्या घरातही, ती तिथे खरोखर संसार करून राहत असेल तर, सुनेला राहण्याचा हक्क मागता येतो हे स्पष्ट झाले. हा हक्क कायमचा नाही आणि त्याला मर्यादा आहेत, पण खटला चालेपर्यंत रस्त्यावर यावे लागत नाही, आणि तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

सुट्टीत एकदा न्यायालयात या आणि माझ्याबरोबर दिवसभर बसा. अर्जाच्या पहिल्या पानावर पक्षकारांचे पत्ते असतात, तेवढेच वाचत जा. नवऱ्याच्या नावापुढे ‘राहणार’ असते. बायकोच्या नावापुढे बहुतेक वेळा ‘सध्या राहणार, द्वारा’ आणि पुढे भावाचे किंवा बापाचे नाव. करी रोडला पोळ्या लाटून पोट भरणारी माझी एक पक्षकार होती. भावाच्या घरच्या पोटमाळ्यावर तिने सहा वर्षे काढली. सासूच्या नावावरच्या खोलीत राहण्याचा अंतरिम आदेश मिळाला त्या दिवशी तिने आनंदाने काही म्हटले नाही, पेढे आणले नाहीत. पुढच्या तारखेला मात्र ती वेळेआधी येऊन माझी वाट पाहत उभी होती, आणि तिने एवढेच सांगितले की अर्जावरचा तिचा पत्ता बदलायचा आहे, आणि नव्या पत्त्यात ‘सध्या’ हा शब्द घालायचा नाही.